एकशे चव्वेचाळीस वर्षांचा योग

सिहोरा
३ मार्च २०२५

निर्मला विहीनबाई,

रामराम. दोन-तीनदा फोन लावला. दरवेळी मेघानंच उचलला अन् 'आजी झोपली आहे' म्हनाली. तुमी दिवसाढवळ्या झोपनाऱ्या नाई, हे मले मालूम आहे. तेरवीच्या दिवशीही तुमी माह्याशी न बोलता ऑटोत जाऊन बसल्या. म्हनून कागद घेतला. मी सातवी शिकली आहे, तुमी मास्तरीन होत्या, चुकलंमाकलं समजून घ्या.

माहा चंदू अन् तुमची राखी गेल्यापासून घरात कोनी ना कोनी बसूनच असते. बाया येतात, गळ्यात पडून रडतात. मी नाई रडत. मेघाचे आबाजी दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून रायतात. मी त्याईले म्हनली, रडाचं कायले? असं मरन कोनाले येते?

टीव्हीवर महाराज सांगत होते. असा कुंभ एकशे चव्वेचाळीस वर्षांनी येते. माह्या आजेसासूनं पाहिला नाई, मेघाची नातही पाहनार नाई. सगळे ग्रह रांगेत उभे रायतात अन् तेवढे दिवस वरचं दार उघडं रायते. त्या दिवसात संगमावर बुडी मारून जो वाटेत देह ठेवते, त्याले पुन्हा जन्म नाई. आपले लेकरं आंघोळ करून परत येऊन रायले होते, विहीनबाई. नर्मदा ओलांडली, लखनादौनपाशी ट्रक आला. म्हंजे पाप धुवून झालं होतं. नवं पाप कराले त्याईले वेळच भेटला नाई.

पोलिसांनी गाडीतलं सामान दिलं, त्यात पान्याची कॅन होती. मीच धाडली होती, माहे गुडघे चालत नाई, मले तिथलं पानी आनून द्या म्हनून. गाडीचा चेंदामेंदा झाला, पन कॅनले खरोच नाई. बूचही पक्कं. सांगा, हे कोनाचं काम? तेरवीले आलेल्या सगळ्यायच्या हातावर मी ते पानी दिलं. तुमच्यापाशी आली तं तुमी हात मांगं घेतला. दुःखात मानसाले सुचत नाई, मी मनावर घेतलं नाई. तुमच्या नावाची एक बाटली भरून ठेवली आहे.

रोज दिवेलागनीले मी तलावाच्या पाळीवर जाते. मावळतीकडं सुक्राची चांदनी असते, पनतीएवढी. डोक्यावर गुरू. त्याच्या पुढं लाल मंगळ. संक्रांतीले चंदू वरठीच्या पोलाद कारखान्यातून सुट्टीवर आला होता, तवा त्यानंच मले बोट धरून दाखवलं होतं, 'आई, हे पाह्य, एका रांगेत.' त्याच रांगेले मी हात जोडते. ते दोघं त्याच वाटेनं गेले असं मले वाटते, अन् मंग घरी येऊन मी भात खाऊ शकते.

होळीले मेघाले इथं धाडा. तिलेही दाखवीन.

तुमची विहीन
आनंदा


शहापूर
१९ मार्च २०२५

सौ. आनंदाबाईंना नमस्कार.

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला.

मेघाला होळीला पाठवलं नाही. तिला अधूनमधून ताप येतो. ते निघाले त्या दिवशीही होता, तुम्हाला आठवत असेल. राखी मला म्हणाली होती, "आई, पोरगी फणफणली आहे, पुढच्या आठवड्यात पाहू." मग तुमचा फोन आला की माघी पौर्णिमा चुकवू नका, हा योग पुन्हा नाही. तिनं मेघाला माझ्याकडे आणून सोडलं. गाडीत बसल्यावरही तिसऱ्या की चौथ्या वेळी औषधाची वेळ सांगत होती.

तुम्हाला रडू येत नाही, हे बरं आहे. मला दुसरं काही जमत नाही. घरात मी आणि मेघा दोघीच. हे गेल्यापासून एकटीची सवय होती, पण हे एकटेपण वेगळं आहे.

त्या पाण्यासाठी मी हात मागे घेतला ते मनावर घेतलं नाही, हे चांगलं केलंत. माझा विश्वास नाही, एवढंच समजा. बाटली राहू द्या.

एक विनंती आहे. मेघा विचारते, आई-बाबा कोणत्या ग्रहावर गेले? तुम्ही फोनवर तिला काहीतरी सांगितलेलं दिसतं. ती संध्याकाळी गच्चीवर जाते आणि हाका मारते. शेजारच्या लीलाबाईंनी परवा दार लावून घेतलं, त्यांना ऐकवेना. कृपा करून तिला असलं काही सांगू नका.

मेघाच्या आबाजींना जेवायला लावत जा.

निर्मला


सिहोरा
५ एप्रिल २०२५

विहीनबाई,

तुमचं पत्र भेटलं. वाचून बरं वाटलं. निदान लिवलं तं.

पोरगी हाका मारते तं मारू द्या. लहान लेकराचं वर ऐकू जाते. लीलाबाईले काय समजते?

एक चांगली गोष्ट सांगाची होती. गावानं ठरवलं आहे, हनुमान जयंतीले आपल्या दोघा लेकरायच्या नावानं महाप्रसाद. तुमसरचे बुवा कीर्तनाले येनार आहेत, याच योगावर बोलतील. मोठा बॅनर छापून रायले, चंदू अन् राखीचा फोटो, मांगं संगम, वर ग्रहांची रांग. चंदूचा फोटो आहे, कंपनीच्या ओळखपत्रावरचा. राखीचा इथं चांगला नाई. तुमच्याजवळ तो मोरपंखी साडीतला आहे, तो पोस्टानं धाडा. अन् मेघाले घेऊन या. तिले समोर बसवू, नवा फ्राक मी घेऊन ठेवला.

मी तुमाले एक मनातलं लिवते. तुमाले अजून खुपते की तापाच्या पोरीले ठेवून राखीले जा लागलं. मले समजते ते. पन असं पाहा, तिचं मन नव्हतं तरी ती गेली, म्हनून तं तरली. घरी रायली असती तं काय झालं असतं? जलमभर भांडे घासत रायली असती. आपल्यासारखीच. लाखात एखादीले असा योग येते. तुमी तिच्या माय आहा, माह्यापेक्षा तुमी नशीबवान.

आता डोळे पुसा अन् या. बुवांना मी सांगितलं आहे, राखीची माय मास्तरीन आहे, ती दोन शब्द बोलंन.

आनंदा


शहापूर
९ एप्रिल २०२५

आनंदाबाई,

फोटो पाठवणार नाही. मेघाला आणणार नाही.

त्यांची आंघोळ झाली नव्हती. आदल्या संध्याकाळी राखीचा फोन आला होता, "आई, संगमाच्या अलीकडंच, कटनीवरून परत फिरलो, पोलीस गाड्या पुढं सोडूनच नाही राहिले. कॅन ढाब्याच्या नळावर भरून घेतली, रिकामी नेली तर सासूबाईले वाईट वाटेल. तू सांगू नको."

मी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं.

माझी मुलगी जन्मभर भांडी घासत राहिली असती तर मला चाललं असतं.

निर्मला


सिहोरा
२७ जुलै २०२५

निर्मलाबाईंना सोमाजीचा नमस्कार.

मी तुमाले कधी पत्र लिवलं नाई. व्याह्यानं विहिनीले लिवावं अशी आपली रीतही नाई. पन इलाज रायला नाई.

तुमचं पत्र महाप्रसादाच्या दिवशीच आलं. मांडव घातला होता, बुंदीच्या परातीवर कपडा झाकला होता. हिनं चुलीपाशी उभ्यानं वाचलं अन् पोलक्यात खोचलं. मले काही सांगितलं नाई. सगळ्यायले वाढलं. बुवा कीर्तनाले उभे रायले. 'संगमात न्हाऊन दोघं जीव वैकुंठाले निघाले' असं ते म्हनले, अन् ही बायांमधून उठली. म्हनली, "बुवा, ते न्हाले नाई." अन् खाली बसली. बुवांनी कीर्तन तिथंच आवरलं. आरती करून उठले.

मंग गाव बोलाले लागलं. आधी जे म्हनत होते तरले, तेच आता म्हनतात, तीर्थाच्या वाटेवरून तसंच परतनं वाईट असते, जीव अर्ध्यावर अटकते. शेजारच्या कुंताबाईनं आपल्या देव्हाऱ्यात ठेवलेलं त्याच कॅनचं पानी आनून आमच्या उंबऱ्यावर ओतलं. ही पाहत रायली. मंग घरातून कॅन आनली अन् उरलेलं तिनंही तिथंच ओतलं.

आता धानाचा रोवना सुरू आहे. उपटलेले परे, धानाचे रोपं, बांधीत पडून आहेत, पन ही वावरात येत नाई. तलावावर जात नाई. रांग मोडली म्हनते. तुमसरचा एक मानूस त्याच दिवसात संगमावर पोचला होता, गाडी सोडून पायी चालत गेला. त्याले तिनं घरी बोलावून आनलं अन् इचारलं, तुमी पोचले तं माहे काहून नाई पोचले?  तवापासून एकच धरून बसली आहे. म्हनते, दार उघडं होतं, सगळी दुनिया आत गेली, माह्याच लेकरायले दारातून परत धाडलं. मी असं कोनतं पाप केलं, ते सांगा. मले इचारते, सकाळपासून. मी काय सांगू?

तुमी तसं काहून लिवलं ते मी इचारत नाई. तुमची पोरगी गेली. पन आता एक करा. रागात लिवलं होतं, न्हाले होते, असं एकदा लिवा. खोटं असंन तरी लिवा. मी तुमच्या पाया पडतो.

सोमाजी


शहापूर
३० ऑगस्ट २०२५

आनंदाबाई,

हे पत्र मी फार आधी लिहायला हवं होतं. रोज लिहायला बसायचे आणि फाडायचे.

एप्रिलमध्ये मी जे लिहिलं ते खरं नव्हतं. तुमच्या पत्रातलं भांड्यांचं वाक्य वाचून मला इतका राग आला की तुमचं काहीतरी मोडावं असं वाटलं. कटनीचा फोन मी रचला. नळाच्या पाण्याचंही. माणूस रागात किती खालच्या थराला जातो, ते मला या वयात समजलं.

खरा फोन वेगळा होता. राखी म्हणाली, "आई, झाली आंघोळ. गर्दी इतकी की चप्पल कुठं गेली पत्ता नाही." पहाटेची वेळ होती, पाणी बर्फासारखं. तुमच्या चंद्रकुमारांनी आधी नुसती बोटं बुडवली आणि मागे झाले. ती हसली. म्हणाली, "एवढं भट्टीपाशी काम करता अन् पाण्याले भेता?" मग तिनं त्यांचा हात धरला आणि दोघं एकदम खाली गेले. पहिली बुडी तुमच्या नावाची होती, आनंदाबाई. तिनं स्वतः सांगितलं, सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या येऊ शकल्या नाहीत, म्हणून पहिली त्यांची. दुसरी मेघाची, ताप उतरावा म्हणून. तिसरी माझी. त्यांच्या स्वतःसाठी मारायची राहूनच गेली की काय, असं मी म्हटलं, तर म्हणाली, "आमची सगळ्यात शेवटी मारली, हात न सोडता." कॅन चंद्रकुमारांनी छातीएवढ्या पाण्यात जाऊन भरली, काठाचं गढूळ नको म्हणून. मेघासाठी पितळेची लहानशी घंटी घेतली होती, ती गाडीत सापडली नाही, कुठं पडली कोण जाणे. परत येताना दोघंही आनंदात होते. तिचा आवाज मी इतका हलका कधी ऐकला नव्हता.

असं झालं होतं. तुम्ही पहिल्या पत्रात लिहिलं तसंच झालं होतं.

सात तारखेला चंद्रग्रहण आहे. त्याच दिवशी भाद्रपदाची पौर्णिमा, दुसऱ्या दिवशी पितृपक्ष. भंडाऱ्याचे गुरुजी सांगत होते की पितृपक्षाच्या तोंडावर असं खग्रास ग्रहण क्वचित येतं, त्या वेळी दिलेलं पाणी थेट पोचतं. तुम्ही म्हणाल, निर्मलाबाई असं कधीपासून बोलायला लागल्या! नोकरीभर मी फळ्यावर ग्रहण शिकवलं. मधे पृथ्वी, पलीकडे चंद्र, सावली पडली, संपलं. पोरं वहीत गोल काढायची. आता संध्याकाळी मेघाबरोबर गच्चीवर उभी राहते, तर मला खऱ्या आकाशातला एकही ग्रह ओळखता येत नाही. ढगच असतात म्हणा हल्ली. मेघानं हाक मारली की मीही तिकडे बघते.

तुमचं पहिलं पत्र मी उशीखाली ठेवलं आहे. 'नवं पाप करायला वेळच भेटला नाही', हे वाक्य मी रोज वाचते. तेव्हा त्यानं माझ्या अंगाची लाही झाली होती. आता त्याच्याशिवाय डोळा लागत नाही.

ग्रहणाला मी मेघाला घेऊन सिहोऱ्याला येऊ का? तलावाच्या पाळीवर दोघी मिळून पाणी सोडू. आणि एक मागते. मला पुन्हा एकदा तसं पत्र लिहाल? ते कुठून गेले, कोणत्या वाटेनं, आता कसे आहेत, तसं सगळं.

तुमच्या उत्तराची वाट पाहते.

निर्मला


सिहोरा
१४ सप्टेंबर २०२५

निर्मलाबाई,

तुमचं पत्र चंद्राच्या गिरनाच्या तीन-चार दिवस आधी भेटलं. या म्हनून मी कळवलं नाई, अन् तुमी आल्या नाई, ते बरं झालं.

पोस्टमननं पाकीट दिलं तवा मी दारात तांदूळ निवडत होती. मेघाचे आबाजी लगबगीनं आले, पाकीट हातात घेतलं अन् फोडाच्या आधीच म्हनले, "पाह्य, मी म्हनत होतो ना, न्हाले होते." मी त्याईच्या तोंडाकडं पाहिलं. त्याईच्या ध्यानात आलं नाई की त्याईनं काय केलं. मंग वाचून दाखवलं. मी म्हनली, पुन्हा वाचा. पुन्हा वाचलं. तो हात धरला ते, पहिली बुडी माह्या नावाची ते. सगळं माहीत असून मी दोन दिवस तेच ऐकत रायली. मेघाचे आबाजी त्या दोन दिवसात जेवले, आंघोळ केली, वावरात जाऊन आले. मी त्याईले काही म्हनली नाई. आताही म्हनली नाई. तुमीही लिवू नका.

तुमी चांगलं लिवलं. मास्तरीन आहा. पन खरं तुमी चार ओळीत लिवलं होतं, विहीनबाई. अन् हे किती पानं झाले पाहा. राखी फोनवर इतकी कधी बोलत नव्हती. अन् 'रिकामी नेली तं सासूबाईले वाईट वाटंन', हे कोनाले रचता येत नाई. ते तिचंच आहे.

गिरनाच्या दिवशी गावानं सगळं पाळलं. दुपारपासून चुली बंद, पान्यात तुळशीचे पानं. मी चूल पेटवली. अंधार पडल्यावर अंगनात ताट घेऊन बसली अन् भात खाल्ला. कुंताबाईनं कुडावरून पाहिलं अन् आत गेली. वर ढग होते, चंद्र दिसलाच नाई, लागला कवा अन् सुटला कवा समजलं नाई. मी काहून बसली होती ते तुमाले सांगते. मले वाटलं, काहीतरी होईन. चांगलं नाई तं वाईट तरी. मले शिक्षा तरी होईन, म्हंजे कोनीतरी आहे तिथं, पाहून रायलं, असं समजंन. काही झालं नाई. ताट धुतलं अन् झोपली.

लेकरायले मीच धाडलं. योगानं नाई धाडलं, मी धाडलं. ते मी आता कोनाच्या अंगावर टाकू शकत नाई. दारातून परत धाडलं असं म्हनत होती काही दिवस, तेही आता वाटत नाई. तिथं दारच नव्हतं. गाड्यायची रांग होती.

मेघाचे आबाजी म्हनतात, असं पाह्य की ते घरी येत होते, तापाच्या लेकराकडं. तेवढं धर. धरून पाहिलं. घरी तं सगळेच येत असतात.

तुमी मागितलं तसं पत्र लिवाले मी बसली होती. लिवता आलं नाई. तवा ते मले शोधा लागत नव्हतं, तोंडातून आपोआप येत होतं. आता शब्द तेच आहेत, पन हातात घेतले की हातातच रायतात. तुमचा राग नाई मले. तुमी माहं मोडलं तवा तुमाले मालूम नव्हतं, तुमालेही ते पुढं लागनार आहे म्हनून. दोघींमधून एकीपाशी जरी रायलं असतं, तं दुसरीनं कधीतरी येऊन मागून नेलं असतं.

मेघाले तुमच्यापाशीच ठेवा. तिथं शाळा जवळ आहे, डॉक्टर आहे. सनावाराले तिले धाडा असं मी आता म्हनत नाई. ती येईन, माह्या मांडीवर बसंन अन् इचारंन. मले खोटं बोलता येत नाई अन् खरं बोलवत नाई. तुमाले निदान लिवता तरी येते.

आनंदा